कार्डिओ सोडून इन्फेक्शियस डिसीज घेऊ का? घरचे म्हणतात, ही कसली ब्रँच

पत्र लांब होतं, नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून मुद्द्याचं तेवढं देते:

"मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका गव्हर्नमेंट कॉलेजला एमडी मेडिसिन थर्ड इयरला आहे. नीट एसएसचा, म्हणजे सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास चालूय. बॅचमधले सगळे कार्डिओ नाहीतर गॅस्ट्रो म्हणतात. मला इन्फेक्शियस डिसीज, म्हणजे संसर्गजन्य रोगांची ब्रँच, आवडते. ही नवीन ब्रँच आहे, लोकांना माहीत नाही. का आवडते ते नीट सांगता येत नाही, पण तापाचा पेशंट आला की मला झोप लागत नाही त्याचं निदान होईपर्यंत. बाबा जिल्हा परिषदेत शिक्षक होते, आता रिटायर झालेत, घराचं कर्ज अजून आहे. ते म्हणतात की ताप तर प्रत्येक डॉक्टर बघतो, त्यात अजून तीन वर्षं कशाला घालवायची, यात प्रोसिजर नाही, पैसा कुठून येणार? माझं लग्न ठरलंय, होणाऱ्या सासूबाईंना भीती आहे की मी रोग घरी घेऊन येईन. आणि मला स्वतःला भीती अशी आहे की मी परत आमच्याकडे आले तर मला काम मिळेल का, की मुंबई-पुण्यातच अडकून पडेन. तुम्ही हेच काम करता. खरं सांगा, घेऊ का?"

हे बघ, मी तुला अगंतुगं करते, चालेल ना, माझ्या स्टुडंट तुझ्यापेक्षा मोठ्या आहेत.

घे. आधी उत्तर सांगून टाकते, कारण तू परीक्षेच्या तोंडावर आहेस आणि असली पत्रं वाचताना माणूस शेवटच्या ओळीकडे पळतो. पण का घे आणि काय माहीत असून घे ते मात्र सगळं वाच, कारण "आवडतं" एवढ्यावर कोणी ब्रँच घेतली की दोन वर्षांत ती माणसं कडू होतात, मी बघितलीयेत.

तुझे बाबा म्हणतात ताप प्रत्येक डॉक्टर बघतो. बरोबर आहे त्यांचं, अगदी बरोबर, आणि बहुतेक ताप प्रत्येक डॉक्टरकडे बराही होतो. आमच्याकडे जे येतात ते बरे न झालेले. एक पेशंट सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. सातारा जिल्ह्यातला माणूस, वय पन्नासच्या आसपास, दुधाचा धंदा, पाच-सहा गाई आणि दोन म्हशी. कित्येक महिने कंबर दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप, घाम येतो, वजन उतरलंय. एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली चकती खराब. आपल्याकडे असा एमआरआय बघितला की डोक्यात एकच नाव येतं, टीबी, आणि चुकीचं नाही ते, आपल्या देशात तेच सगळ्यात जास्त असतं. त्याला टीबीचं औषध चालू झालं, बायोप्सी न करता. आणि तो सुधारला! ताप गेला, भूक लागली, सगळे खूश. मग पुढे काही महिन्यांनी सगळं परत.

आमच्याकडे पाठवला तेव्हा चिठ्ठीवर लिहिलं होतं रेझिस्टंट टीबी. मी काय केलं? काहीच विशेष नाही गं. खुर्ची ओढून बसले आणि गोठ्याबद्दल विचारत राहिले. किती जनावरं, धार कोण काढतं, दूध कच्चं पिता का. तो म्हणाला धारोष्ण दूध तर लहानपणापासून पितो, त्यानेच अंगात ताकद आहे. मग विचारलं मागच्या वर्षात एखादी गाय गाभडली का. तो गप्प झाला, बायको म्हणाली दोन गाभडल्या, आणि एकीची वार अडकली होती ती ह्यांनीच हाताने काढली. हातमोजे? कसले हातमोजे.

ब्रुसेला, जनावरांकडून माणसाला येणारा जंतू. मणक्याचा ब्रुसेला आणि मणक्याचा टीबी एमआरआयवर फार सारखे दिसतात. आणि तो आधी सुधारला का होता, तर टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं, पण एकटं पुरत नाही, म्हणून रोग दबला आणि परत उठला. लॅबला आधी फोन करून सांगावं लागतं की ब्रुसेलाचा संशय आहे, सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा, नाहीतर लॅबमधल्या माणसालाच लागण होते, आणि कल्चर लवकर निगेटिव्ह म्हणून बंद करू नका, हे हळू वाढतं. मग डॉक्सीसायक्लिन, रिफाम्पिसिन, सुरुवातीला अमायनोग्लायकोसाइडची इंजेक्शनं, मणका असल्यामुळे किमान तीन महिने. तो बरा झाला. आणि त्याच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन गेला, कारण गोठ्यातल्या बाकीच्या गाई तपासल्या नाहीत तर त्याची बायको किंवा पोरगा पुढचा. केंद्र सरकारच्या 2019 पासूनच्या कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस देतात, हे त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं.

ही आमची प्रोसिजर. खुर्ची ओढणं. बाबांना हे सांग, पटेल की नाही माहीत नाही, पण शिक्षक माणूस आहे, पोराला नेमकं कुठे अडतंय हे शोधायला किती प्रश्न विचारावे लागतात ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

आणि हे प्रश्न गावागावाला बदलतात, हे मला या कामातलं सगळ्यात आवडतं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडून जानेवारी ते मे मध्ये तापाचा पेशंट आला तर विचारायचं काजूच्या बागेत कामाला होतात का, आसपास माकडं मेलेली दिसली का, कारण माकडताप तिथे आहे, पलीकडे गोव्यात सत्तरीतही आहे, 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला विषाणू, गोचिडीतून येतो. त्याच जिल्ह्यात पावसाळ्यात आला तर भातलावणी, चिखल, पायाला जखम, म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात. मुंबईत 26 जुलै 2005 च्या पुरानंतर लेप्टोचे किती पेशंट आले ते त्या वेळी रेसिडेंट असलेल्या कोणालाही विचार. नागपूरकडे पावसाळ्याच्या शेवटी ताप, प्लेटलेट कमी, लिव्हर एन्झाइम वाढलेले, तर कपडे बाजूला करून काखेत, जांघेत, स्तनाखाली, बेंबीत बघायचं, बारीक किड्याच्या चाव्याची एक काळी खपली सापडते, दुखत नाही म्हणून पेशंट सांगत नाही. स्क्रब टायफस. 2018 ला नागपूर-विदर्भात त्याने माणसं गेली. आणि त्याचं औषध डॉक्सीसायक्लिन, काही रुपयांची गोळी. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देऊन काही होत नाही, मेरोपेनेम देऊन काही होत नाही, हजारो रुपयांचं इंजेक्शन लावून माणूस व्हेंटिलेटरवर जातो आणि त्याची खपली कोणीच बघितलेली नसते. हे लिहिताना मला अजूनही त्रास होतो.

तू मराठवाड्यातली आहेस, तुझ्याकडे असं काय आहे ते तूच शोधायचंय. तुमच्याकडे ताप आला की विडाल करतात आणि 1:160 आलं की टायफॉइड, बरोबर? आमच्याकडेही. त्या एका टेस्टने आपल्या राज्यात किती लोकांना कारण नसताना सलाईन आणि इंजेक्शनं लागली असतील. अँटिबायोटिक चालू करायच्या आधी दोन ब्लड कल्चर, प्रत्येक बाटलीत नीट 8-10 मिली रक्त, एवढं तुमच्या वॉर्डात सुरू केलंस तरी तू हे काम आत्तापासूनच करतेयस, डीएम, ही सुपरस्पेशालिटीची डिग्री, नंतर होईल.

आता कामाचा दुसरा भाग, जो तुला अजून दिसला नसेल कारण रेसिडेन्सीत तो कोणी दाखवत नाही. मोठ्या हॉस्पिटलमध्ये आमचा अर्ध्याहून जास्त वेळ औषध थांबवण्यात जातो. आयसीयूमध्ये पेशंट मेरोपेनेमवर, वर कोलिस्टिन, वर फंगसचं औषध, का म्हणून विचारलं तर "सिक आहे मॅडम, कव्हर दिलंय". मग कल्चर बघा, ते खरं इन्फेक्शन आहे की नुसती लघवीच्या कॅथेटरमध्ये वाढलेली वसाहत ते ठरवा, सोर्स बघा, पू आहे तर काढायला सांगा, सेंट्रल लाइन किती दिवसांची आहे बघा, आणि मग सर्जनला फोन करून सांगा की साहेब हे बंद करूया. सर्जनला राग येतो. त्याचा पेशंट आहे, नातेवाईक त्याच्या जिवावर बसलेत, आणि ही बाई येऊन औषध काढ म्हणते. तिथे भांडून चालत नाही, रोज जावं लागतं, दुसऱ्या दिवशी परत जाऊन पेशंट बघावा लागतो, तिसऱ्या दिवशी ताप नाही आला की तोच सर्जन पुढच्या पेशंटला स्वतः फोन करतो. हे नातं जमवायला वेळ लागतो. तुला माणसं सांभाळायला आवडत नसेल, एकटीने वाचायला आवडत असेल, तर नीट विचार कर, कारण आमचे स्वतःचे बेड फार थोडे असतात आणि आम्ही कायम दुसऱ्याच्या पेशंटजवळ पाहुणे म्हणून उभे असतो.

याचा उपयोग काय, असं विचारशील तर एकच उदाहरण पुरे. रक्तात स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू आला. बऱ्याच ठिकाणी व्हँकोमायसिन चालू करतात आणि रिपोर्टमध्ये मेथिसिलिन सेन्सिटिव्ह, म्हणजे साध्या औषधांना दाद देणारा, आला तरी तेच चालू ठेवतात, कारण ते "मोठं" औषध वाटतं. प्रत्यक्षात सेन्सिटिव्ह स्टॅफला सेफाझोलिन जास्त चांगलं काम करतं आणि स्वस्तही पडतं. कल्चर परत परत पाठवून निगेटिव्ह झाल्याची खात्री करायची, इको करायचा कारण हा जंतू हार्टच्या झडपेवर जाऊन बसतो, पाठ दुखते का विचारायचं, आणि किमान 14 दिवस शिरेतून औषध, पेशंटला बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवशी गोळीवर घरी नाही. यात एकही महागडी गोष्ट नाही. पण आयडीवाल्याने, म्हणजे इन्फेक्शियस डिसीजच्या डॉक्टरने, हा पेशंट बघितला तर मृत्यू कमी होतात हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत परत परत दिसलंय. बाबांना पैसा कुठे आहे ते दिसत नाही, पण कोणाचा जीव कुठे वाचतो ते मात्र दाखवता येतं.

कोलिस्टिनचं नाव वर घेतलं म्हणून थोडं त्यावरही, कारण तुझी पिढी हेच घेऊन जगणार आहे. जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून कपाटात गेलेलं, ते परत काढावं लागलं कारण कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमच्या जातीची औषधं, चालेनाशी झाली. 2010 साली दिल्लीचं नाव लागलेल्या, कार्बापेनेम निकामी करणाऱ्या एनडीएम-1 चा पेपर आला तेव्हा आपल्याकडे नावावरून केवढा गदारोळ झाला, आणि त्या गदारोळात जंतू मात्र आपला पसरत राहिला. 2012 मध्ये चेन्नईत डॉक्टरांच्या वेगवेगळ्या संघटना एकत्र बसल्या आणि चेन्नई डिक्लेरेशन निघालं, अँटिबायोटिक जपून वापरायचं धोरण आपल्या देशात कसं आणायचं यावर. 2019 मध्ये सरकारने कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी घातली, हो, शेवटचा उपाय म्हणून आयसीयूत जपून ठेवलेलं औषध पोल्ट्रीत वजन वाढवायला जात होतं. तर हे काम फक्त वॉर्डातलं नाहीये, ते पोल्ट्रीतलं आहे, मेडिकल दुकानातलं आहे, सांडपाण्यातलं आहे.

तू लिहिलंयस "ही नवीन ब्रँच आहे, लोकांना माहीत नाही". डिग्री नवीन आहे गं, काम नाही. आपल्या राज्यात तर अजिबात नाही. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला पहिला प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी, गोव्यातल्या हडफडेचे, साधे प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. गोदीजवळची दाटीवाटीची वस्ती, धान्याची कोठारं, मेलेले उंदीर, ताप आणि जांघेत गाठ. त्यांनी बघितलं आणि मोठ्याने सांगितलं. मग वाल्डेमार हाफकिन आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवली, 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये परळला जी प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट. आणि त्याच साथीत 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याजवळच्या वस्तीतल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या, त्यातच त्यांना लागण झाली. सासूबाईंच्या मनात भीती आहे ती याच इतिहासातून आलीये, आपल्या घराघरात ती आहे, त्यामुळे तिला हसू नकोस.

पुढचंही आपल्या अंगणातच घडलंय. 1952 ला पुण्यात विषाणू संशोधनाचं केंद्र निघालं, आजचं एनआयव्ही. नागपूरच्या चंदीपुरा भागातून 1965 मध्ये मिळालेल्या नमुन्यांत चंदीपुरा व्हायरस सापडला, पावसाळ्यात लहान मुलांना मेंदूज्वर होतो तो, आजही होतो. एचआयव्ही आपल्या देशात 1986 ला चेन्नईत सापडला, डॉ. सुनीती सोलोमन यांच्या टीमला, आणि त्यानंतरची वीस वर्षं आजच्या बहुतेक सीनियर आयडीवाल्यांना घडवून गेली. त्या काळात हे पेशंट कोण बघायचं? काही स्किनवाले, काही फिजिशियन, काही छातीचे डॉक्टर, ज्यांनी दार बंद केलं नाही ते. सांगलीत वेश्यावस्तीतल्या बायकांबरोबर संग्राम या संस्थेचं काम 1992 पासून चालू झालं, डॉक्टर नंतर पोचले. 1 एप्रिल 2004 ला सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीचं औषध, फुकट मिळायला लागलं तोवर औषध परवडत नाही म्हणून माणसं डोळ्यांसमोर जायची. त्याच आजाराचा पेशंट आज रोज एक गोळी घेऊन पोरांच्या लग्नाला उभा राहतो. ज्या डॉक्टरने हे दोन्ही बघितलंय तिला ही ब्रँच का घेतली असं विचारलं तर उत्तर द्यायला शब्द नाही लागत.

मुंबईत कस्तुरबा, पुण्यात नायडू, ही साथीची हॉस्पिटलं. शहरातल्या लोकांना ती एरवी आठवत नाहीत. 9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले कोविडचे पेशंट नायडूलाच ॲडमिट झाले. डीएम करताना किंवा आधी कधीतरी असल्या हॉस्पिटलमध्ये काही दिवस नुसतं उभं राहा, गोवर, घटसर्प, धनुर्वात, रेबीज जे पुस्तकात वाचलंस ते तिथे बेडवर असतं.

आणि 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, पेशंट वाढले ते तुला आठवत असेल. उपचार न्यूरोलॉजिस्ट आणि आयसीयूवाल्यांनी केले, त्यांचंच काम ते. पण एका भागातून एवढे पाय लुळे पडलेले पेशंट का येतायत, आधी जुलाब झाले होते का, शौचात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू का सापडतोय, पाणी कुठल्या विहिरीचं, क्लोरीन आहे का, हे विचारणारं कोणीतरी लागतं. कार्डिओलॉजिस्टला ब्लॉक दिसतो, तो उघडतो, घरी जातो, चांगलंच काम आहे. आम्हाला पेशंटच्या मागची विहीर बघावी लागते.

आता पैसा. बाबांचा प्रश्न टाळत नाही.

कार्डिओ, गॅस्ट्रोपेक्षा कमी मिळतो. स्पष्ट सांगते, कमी. स्कोप नाही, स्टेंट नाही, आम्ही विचार करायचे आणि बोलायचे पैसे घेतो आणि आपल्या समाजात त्याला भाव कमी. मोठ्या खाजगी हॉस्पिटलमध्ये पगार किंवा ठरलेली रक्कम अधिक कन्सल्टची फी अशी सोय असते. मागणी मात्र वाढलीये, कारण जिथे ट्रान्सप्लांट होतात, कॅन्सरची केमो होते, मोठा आयसीयू आहे, तिथे आयडीशिवाय आता भागत नाही, आणि एनएबीएच, हे हॉस्पिटलच्या दर्जाचं प्रमाणपत्र, पाहिजे तर इन्फेक्शन कंट्रोल दाखवावं लागतं. उपाशी कोणी राहत नाही. पण बॅचमेटच्या गाडीकडे बघून वाईट वाटणार असेल तर ते आत्ताच कबूल कर स्वतःशी, नंतर त्याचा राग पेशंटवर निघतो. आणि कर्जाचा हप्ता खरंच गळ्याशी आला असेल तर एमडीनंतर वर्षभर सीनियर रेसिडेंटशिप किंवा फिजिशियनची नोकरी करून मग परीक्षा दिलीस तरी आकाश कोसळत नाही. फक्त त्या वर्षाची दहा वर्षं होऊ देऊ नकोस, होतात.

परत मराठवाड्यात जाण्याचं विचारलंस. इथे माझं मत जरा वेगळं आहे, माझ्या बरोबरीचे बरेच जण म्हणतात की आयडी म्हणजे मेट्रोच. मला नाही पटत. लातूर, नांदेड, संभाजीनगर, सोलापूर, इथे आता कॅथलॅब आहेत, डायलिसिस आहे, आयसीयू भरलेले आहेत, म्हणजे इन्फेक्शनही तेवढंच आहे, फक्त ते बघणारं कोणी नाही. तिथे नुसत्या आयडीवर पहिल्या दिवसापासून ओपीडी चालणार नाही हे खरं. पण तू आधी फिजिशियन आहेस, ते कोण काढून घेतंय? शुगर-बीपी बघ, ॲडमिशन घे, आणि हळूहळू चार हॉस्पिटलना सवय लाव की बरा न होणारा ताप, भरून न येणारी जखम, ऑपरेशननंतरचा पू, रेझिस्टंट टीबी, एचआयव्ही हे हिच्याकडे पाठवायचं. वेळ लागेल. चांगली मायक्रोबायोलॉजी लॅब नसेल तर हात बांधलेले राहतात, म्हणून जिथे जाशील तिथे लॅबवाल्याशी आधी दोस्ती. तो कल्चर नीट लावतोय तर तू डॉक्टर, नाहीतर तूही अंदाजाने औषध देणारी आणखी एक.

सासूबाईंचं. त्यांना समोर बसवून आकड्यात सांग, घाबरलेल्या माणसाला "काही होत नाही" म्हटलं की तो जास्त घाबरतो. एचआयव्हीच्या पेशंटची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता साधारण 0.3 टक्के, आणि लगेच, जास्तीत जास्त 72 तासांच्या आत औषध चालू करून 28 दिवस घेतलं तर ती अजून खाली जाते. हेपॅटायटिस बीची शक्यता त्याच्या कितीतरी पट जास्त, पण त्याला लस आहे, तीन डोस आणि नंतर अँटीबॉडी तपासायची, 10 च्या वर असली की झालं. कपड्यांना चिकटून एचआयव्ही घरी येत नाही, हे त्यांनाही सांग, लाजू नकोस. खरा धोका टीबीचा आहे, आणि तो तुला आत्ता मेडिसिनच्या वॉर्डात आहेच, गॅस्ट्रोवाल्या रेसिडेंटलाही आहे, ब्रँच बदलून तो जात नाही. उलट आयडीवाली बाई एन95 नीट घालते, खिडक्या उघडायला लावते, थुंकी पॉझिटिव्ह आली की पेशंटला वेगळं करते, खोकला दोन आठवडे राहिला तर स्वतःची तपासणी करते. मूल व्हायच्या आधी रुबेला आणि कांजण्यांची इम्युनिटी बघून घे, नसेल तर लग्नाच्या आधीच लस, नंतर गरोदरपणात ती देता येत नाही. आणि नवऱ्याला यातलं सगळं माहीत असू दे, आईला समजावणं हे त्याचंही काम आहे, तुझ्या एकटीचं नाही.

परीक्षेचं थोडक्यात. नीट एसएसमध्ये मेडिसिनच्या ग्रुपचा एकच पेपर असतो, त्यामुळे आयडीचा वेगळा अभ्यास करत बसू नकोस, ब्रँच काउन्सेलिंगला निवडायची असते. तिथेच गडबड होते, रँक चांगला आला की मामा, काका, सीनियर सगळे फोन करतात, "वाया घालवू नकोस". त्या दिवशी फोन बंद ठेव. एम्स, पीजीआयचं आयएनआय एसएस या दुसऱ्या परीक्षेतून वेगळं. डीआरएनबीच्या, म्हणजे डीएमच्या बरोबरीच्या डिग्रीच्या, सीट खाजगी हॉस्पिटलमध्ये असतात, त्या कमी समजू नकोस, ट्रान्सप्लांट आणि केमोचे पेशंट तिथे भरपूर बघायला मिळतात, सरकारी संस्थेत टीबी, एचआयव्ही, ट्रॉपिकल जास्त. तुला मराठवाड्यात यायचं असेल तर मी सरकारी संस्थाच धरेन.

सीट घ्यायच्या आधी तिथल्या चालू रेसिडेंटला गाठून विचार की तुम्ही आठवड्यातून किती वेळा लॅबमध्ये जाऊन प्लेट बघता, तुमचा सल्ला सर्जन ऐकतात का, आणि इन्फेक्शन कंट्रोलच्या नर्सचं नाव तुम्हाला माहीत आहे का. नर्सचं नाव लगेच सांगितलं तर ते डिपार्टमेंट जिवंत आहे. हात धुतले जातायत का, कॅथेटर वेळेवर निघतायत का, हे ती बघते आणि तिच्याशिवाय आमचे सल्ले कागदावर राहतात.

आत्ता कॉलेजमध्ये आहेस तोवर रोज दुपारी अर्धा तास मायक्रोबायोलॉजीला जा, स्वतःच्या वॉर्डाची ग्रॅम स्टेन स्वतः बघ, तुमच्या हॉस्पिटलचा अँटिबायोग्राम, म्हणजे कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं याचा तक्ता, आहे का विचार, नसेल तर त्यांना मागच्या वर्षाचे रिपोर्ट घेऊन बनवायला मदत कर, थीसिसपेक्षा जास्त शिकशील. आणि ज्या तापाच्या पेशंटमुळे तुला झोप लागत नाही त्याची हिस्टरी परत घे, गोठा, शेत, पाणी, प्रवास, घरात कोण आजारी, सगळं. काय निघालं ते मला कळव, निदान झालं नाही तरी कळव, इथल्या पत्त्यावर पाठवलंस तरी माझ्यापर्यंत येतं.